न वाळलेलं पाऊल

१

बटाट्याला पाणी लागता कामा नये, हा आमच्या घरातला पहिला नियम. दुसरा नियम, सासूबाईंना उलट बोलायचं नाही. दुसरा मोडला तर दिवसभर तोंडं फुगायची, पहिला मोडला तर धंदाच बसायचा. आम्ही वेफर्स करून विकायचो. सासूबाई काप तळायच्या, मी पाकिटं भरायची, नवरा कामावर जाता जाता दुकानांत टाकून जायचा. सासरे शिंपी. फुप्फुसं कडक होत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मशीन झाकलेलं होतं आणि ते खिडकीशी बसून खोकायचे. "मी या घराचा भोंगा," असं स्वतःच म्हणायचे.

त्या घरात आम्ही राहायला गेलो ते केवळ जिन्याखालच्या खोलीसाठी. दोन-तीन पायऱ्या खाली उतरायचं, खिडकी नाही, दारावर जाळीचा झरोका. बटाटा सांभाळणं म्हणजे तान्हं सांभाळण्यासारखं असतं. फार गारठला की त्यात साखर उतरते आणि तळला की तपकिरी पडतो. ऊब लागली की कोंब फुटतात. उजेड लागला की हिरवा होऊन कडू पडतो. सासूबाईंनी त्या खोलीत जाऊन हाताची पाठ भिंतीला लावून पाहिली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी, आणि म्हणाल्या, "हेच घर घ्यायचं. बाकीच्या खोल्या कशाही असू देत."

हंगामाच्या शेवटी पुढच्या कित्येक महिन्यांचा माल भरला. दबलेले, फावडं लागलेले वेगळे काढले. बाकीच्यांची माती नुसती झटकली. क्रेट भिंतीपासून हातभर लांब, मधून वारा खेळेल असे. कांदे मुद्दाम घराच्या दुसऱ्या टोकाला. "कांदा शेजारी आला की बटाटा नासतो," सासूबाई म्हणाल्या, "शेजाराचं असंच असतं."

शेवटचं क्रेट ठेवताना मला मागच्या भिंतीजवळ, फरशीवर, ते पाऊल दिसलं. ओलं. अनवाणी पावलाचं. पाचही बोटं स्पष्ट, भिंतीकडे वळलेली. नुकतंच कुणी न्हाणीतून निघून तिथे उभं राहिलं असावं, तसं.

माझंच असेल म्हटलं. फडक्यानं पुसलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, माझ्या पायांत चपला होत्या.

२

दुसऱ्या दिवशी पाऊल तिथेच होतं. तिसऱ्या दिवशीही.

ओल म्हणजे आमच्या धंद्याचा काळ. मी नळ तपासले, भिंतीला कान लावला, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची न्हाणी कुठे येते ते पाहून आले. भिंत खडखडीत कोरडी. फडकं फिरवलं की फडकं ओलं व्हायचं, पिळलं तर थेंबही पडायचे, आणि पाऊल मात्र जिथल्या तिथे. नवऱ्यानं जुनं पोतं टाकून ते झाकलं. "फरशीत काहीतरी मुरलंय," तो म्हणाला. "पोतं टाक आणि विसर." बसगाड्यांच्या दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाला गळतीचं कौतुक नसतं.

बटाट्यांना काही झालं नाही, हे खरं. उलट इतका चांगला माल मी आयुष्यात पाहिला नव्हता. उन्हाळा सुरू झाला तरी एकालाही कोंब नाही, एकही मऊ नाही. तळले की पांढरेशुभ्र काप. सासूबाईंची कॉलर, असती तर, ताठ झाली असती. "जागा लाभली," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती एका अर्ध्या बटाट्याची. आत काही बिघाड आहे का पाहायला म्हणून मी एक बटाटा तिथेच उभ्या उभ्या कापला होता. अर्धा घेऊन आले, अर्धा क्रेटच्या कडेवर विसरले. कापलेला बटाटा जरा वेळ ठेवला तर काळवंडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चार-सहा दिवसांनी तो माझ्या हाताला लागला. पांढरा होता. कापलेल्या बाजूवर पाण्याचे बारीक मणी अजून चमकत होते, जणू सुरी आत्ताच फिरली होती.

मी तो उचलून स्वयंपाकघरात आणला आणि ओट्यावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसले. भाजी फोडणीला पडेपर्यंत तो काळा पडला. तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला कचऱ्यात टाकताना जवळजवळ "बरं झालं हो" म्हणाले.

३

सासरे त्या खोलीत पहिल्यांदा उतरले ते मला मदत म्हणून. मला तेव्हा पाचवा महिना सुरू होता, वाकायला नको म्हणून ते म्हणाले, "मी खुर्चीत बसून बटाटे निवडतो, तू नुसती हुकूम सोड."

आम्ही निवडत बसलो. बऱ्याच वेळानं मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. घरात सतत चालणारा पंखा बंद पडावा आणि कान कावरेबावरे व्हावेत, तसं. मग समजलं. सासरे खोकले नव्हते.

त्यांच्याही ते त्याच वेळी लक्षात आलं असावं. त्यांनी छातीवर हात ठेवला, हळूच श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं हसले.

"सूनबाई," ते कुजबुजले, "भोंगा बंद पडला."

वर आल्या आल्या, उंबऱ्यातच, त्यांना अशी उबळ आली की दाराची चौकट धरून उभं राहावं लागलं. सासूबाई धावत आल्या. काय झालं ते ऐकल्यावर त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. खुर्चीवर उशी टाकली, पायाशी चटई घातली आणि सासऱ्यांना दंडाला धरून परत खाली नेलं.

४

तेव्हापासून सासऱ्यांचा मुक्काम तिथे पडला. आधी दुपारपुरता, मग सकाळपासून, मग झोपायलाही.

खरं सांगते, मलाही तिथे बसायला आवडू लागलं होतं. आत गेलं की कंबर दुखायची थांबायची. मळमळ थांबायची. मी पाकिटं भरायचं कामही तिकडेच नेलं. सासरे गोष्टी सांगायचे: कोणत्या नवरदेवाचा कोट ऐन वेळी उसवला, कुणी मापाला येताना पोट आत ओढून उभं राहायचं. मी हसायची. वेळ कसा गेला ते कळायचं नाही. अंधार आहे म्हणून कळत नाही, असं मी समजायची.

"बरं वाटतं ना बाबा इथे?" मी एकदा विचारलं.

त्यांनी हातातला बटाटा फिरवून पाहिला. "बरं वाटतं असं नाही गं. वाईट वाटायचं थांबतं."

ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं. भूक नाही म्हणायचे, पण सुकलेही नाहीत. एकदा मी त्यांच्या तोंडावर बॅटरी धरली तर हनुवटीवर साबणाचा एक पांढरा ठिपका दिसला. दाढी करून खाली आले तेव्हा राहिला असेल. पण दाढी त्यांनी गेल्या आठवड्यात केली होती. गाल तसेच गुळगुळीत. ठिपका पुसायला मी बोट लावलं, तर तो ओला होता.

मी बॅटरी बंद केली. मनाला म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची दाढी हळू वाढते. मनानं ऐकल्यासारखं केलं.

५

"तारीख चुकली असेल तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या पोटावर टेप धरला, पुन्हा धरला, मग यंत्रावर पाहिलं. "बाळ छान आहे. काही दोष नाही. फक्त मागे आहे. तुम्ही म्हणता त्यापेक्षा महिनाभर तरी मागे."

"तारीख चुकलेली नाही," मी म्हटलं.

"मग गेल्या खेपेपासून ते वाढायचंच विसरलं म्हणायचं," त्या हसून म्हणाल्या आणि औषध लिहून दिलं.

घरी येताना रस्ताभर बाळ ढुशा देत होतं. मी पोटावर हात ठेवून चालले होते. घरात शिरले, पिशवी ठेवली, आणि सवयीनं जिन्याखाली उतरले. खुर्चीशेजारच्या स्टुलावर टेकले. सासरे पुढे बोलू लागले. मी ऐकत होते आणि माझा हात पोटावरच होता.

पोट गप्प होतं.

झोपलं असेल, म्हणून मी वर आले. उंबरा ओलांडला आणि लाथ बसली. अर्धवट राहिलेली लाथ पुरी व्हावी तशी. पुन्हा उतरले. थांबलं. हळूहळू शांत होणं वेगळं आणि हे वेगळं. बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा, तसं थांबलं. वर आले, सुरू. मी किती वेळा खाली-वर केलं कोण जाणे. शेवटी दोन्ही हातांनी पोट धरून पायरीवर बसले. मी त्या खोलीत किती दुपारी बसले होते, ते मला आठवत होतं. प्रत्येक दुपारी मी बाळाला बटाट्यासारखं ठेवून दिलं होतं.

आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. मी तिथे नाही हे त्यांना कळलंच नव्हतं. ते गोष्ट सांगत होते, मध्येच थांबत होते, आणि "हो ना?" म्हणून पुढे जात होते. कुणीतरी हुंकार दिल्यासारखं.

६

नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून त्यानं हसणं आवरलं. "तू आत जाऊ नकोस," म्हणाला. "बाबांचं मी आईशी बोलतो."

सासूबाईंशी मीच बोलले. कढईखालचा गॅस बंद करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोटं आहे म्हणाल्या नाहीत. माझ्यापेक्षा आधीपासून त्यांना ठाऊक होतं, हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. पदर नुसता चुरगाळत होत्या.

"तू आत जाऊ नकोस," त्याही म्हणाल्या. "तुझं बाळ बाहेर वाढू दे. पण माझा माणूस आत राहू दे."

"आई, ते जेवत नाहीत."

"मरतही नाहीत."

माझ्या पोटात जे होतं ते वाढावं म्हणून मी जीव टाकत होते. त्यांच्याजवळ जे होतं ते संपू नये म्हणून त्या.

मी आत जाणं सोडलं. बाळ वाढू लागलं, झपाट्यानं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. आणि खाली सासरे दिवसेंदिवस लांब जात होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. सासूबाईंनी हाक मारली की उत्तर उशिरा यायचं. मग असं व्हायला लागलं की सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुपारी यायचं, तेही कुणी विचारलेलं नसताना, शांत, हसऱ्या आवाजात. एकदा सासूबाई ताट घेऊन उतरल्या आणि लगेच वर आल्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"काय झालं आई?"

"खुर्चीत बसलेत," त्या म्हणाल्या. "मी समोर उभी होते, ओठ मिटलेले होते त्यांचे. आणि 'आलो' म्हणाले ते मागच्या भिंतीजवळून."

७

त्या दुपारी मी उंबऱ्यावर बसले. पाय बाहेर, तोंड आत. दार सताड उघडं ठेवलं. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "मी का येत नाही ठाऊक आहे? आत आले की बाळ थांबतं."

बराच वेळ काही नाही. खुर्चीची पाठ दिसत होती, त्यावर त्यांचं डोकं. नीट विंचरलेलं.

"थांबतं म्हणजे?"

"हलत नाही. वाढत नाही. जसा तुमचा खोकला थांबतो, तसं."

मला वाटलं, याचं उत्तर उद्या येणार. पण ते मान वळवून माझ्याकडे पाहू लागले, झोपेतून उठलेल्या माणसासारखे.

"मी नातवासाठीच बसलोय गं इथे," ते म्हणाले. "बाहेर किती दिवस निघतील सांगता येत नाही. म्हटलं, तोवर टिकून राहावं."

"टिकाल बाबा. पण त्याला तुम्ही दिसणार कसे? मी त्याला आत आणणार नाही."

त्यांनी मांडीवरचा बटाटा क्रेटमध्ये ठेवला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. इतके सहज उठले की माझं काळीज हललं. बाहेर त्यांना असं उठता येणार नव्हतं. दाराकडे निघाले आणि थबकले.

"जरा थांब हं," ते म्हणाले. "तिला सांगून येतो."

"कुणाला, बाबा?"

ते वळले होते. मागच्या भिंतीकडे. सासूबाई मला ओलांडून आत धावल्या आणि त्यांनी सासऱ्यांचा हात धरला. ओढाताणीत क्रेटची थप्पी सरकली, आणि दारातला उजेड पहिल्यांदाच भिंतीपर्यंत पोचला.

पोतं बाजूला झालेलं होतं. त्या ओल्या ठशावर खरं पाऊल होतं. त्याच्या वर घोटा, ओला. कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेलं, गुडघे जवळ घेतलेले, पाठीवर नुकतेच न्हालेले लांब केस. केसांच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता, टपोरा, आता पडेल असा. मी पाहत राहिले. तो पडत नव्हता.

मग ती मान, हळू, अगदी हळू, वळू लागली. काल मारलेली हाक तिला आत्ता ऐकू आली असावी.

"अहो, चला," सासूबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. बाजारात उशीर होतोय अशा आवाजात म्हणाल्या. "चला घरी."

ते आले. उंबऱ्यावर त्यांना ठसका लागला, कमरेत वाकले, तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाई त्यांची पाठ चोळत रडत होत्या आणि म्हणत होत्या, "खोका, खोका. खोका तुम्ही."

८

आठवडाभरात आम्ही ते घर सोडलं. नवऱ्यानं एकट्यानं क्रेट बाहेर काढले, तेही मागची ओळ सोडून. चेहरा पांढरा पडेपर्यंत काम करत होता. घरमालकाला त्यानं विचारलं, त्या खोलीत ओल कसली आहे म्हणून. घरमालक म्हणाला, "ती पहिल्यापासून आहे," आणि किल्ली घेतली.

बाहेर आलेल्या बटाट्यांनी आम्हाला वेडं केलं. दोन दिवसांत सगळ्यांना कोंब फुटले, बोटभर, मग वीतभर, जाळीतून बाहेर. वेफर्सच्या कामाचे राहिलेच नाहीत. गावाबाहेर शेती करणारा एक ओळखीचा ते हसत हसत घेऊन गेला. बियाण्याला याहून जोमदार माल नको, म्हणाला.

निघायच्या दिवशी सासूबाई शेवटच्या बाहेर पडल्या. मी पाहिलं तर जिन्याखालचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं आणि विटेचा तुकडा लावून अडकवत होत्या.

"आई, बंद करा ना ते!"

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "तिलाही कधी निघावंसं वाटलं तर."

९

नवं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टच्या इमारतीत. ऊन भरपूर, बटाट्यासाठी वाईट. थोडेच आणतो, टोपलीत कागद घालून पलंगाखाली ठेवतो, दर काही दिवसांनी चाळतो, मऊ पडलेले आधी संपवतो. काही नासतात. सासूबाई कुरकुरतात आणि काढून टाकतात.

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंच्या तारखेला, माझ्या नव्हे. चांगली वजनदार, आणि जन्मल्याबरोबर सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. सासऱ्यांना दवाखान्याचे जिने चढवत नव्हते, म्हणून नवरा तिला घेऊन खाली त्यांच्याकडे गेला. ते म्हणे नुसती तिची मूठ उघडून पाहत होते आणि ती पुन्हा पुन्हा मिटत होती.

त्यांना पुढे वर्ष-दीड वर्ष मिळालं. सोपं नव्हतं. खोकला वाढला, घरात प्राणवायूचं नळकांडं आलं. पण तिचे दात त्यांनी पाहिले, तिची पहिली पावलं त्यांच्या खाटेकडेच पडली, आणि "आबा" हा शब्द ती "आई"च्या आधी बोलली, याचा मला आजही थोडा राग आहे. ते गेले तेव्हा सकाळ होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि आम्ही सगळे जवळ होतो.

जायच्या काही महिने आधी त्यांनी मशीनवरचं कापड काढायला लावलं. थोडं शिवायचे, धाप लागली की थांबायचे. तिच्यासाठी एक फ्रॉक शिवला, निळा, बारीक फुलांचा. मला तो जाड लागला. उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूला, कडांना, घेराला, बाह्यांना, दुमडून दुमडून कापड सोडलेलं. त्यांच्या भाषेत त्याला माया म्हणतात.

"बाबा, इतकी माया कशाला सोडलीत?" मी विचारलं.

"पोर वाढणार ना," ते म्हणाले, श्वास घेत घेत.

परवा तिनं तो फ्रॉक पुन्हा काढला आणि घट्ट होतो म्हणून रडायला लागली. मी खिडकीत बसून शिवण उसवली. ही दुसरी वेळ. घेर सोडला, बाह्या सोडल्या, इस्त्री फिरवली. तिनं अंगात घातला, दोन गिरक्या घेतल्या आणि खेळायला पळाली.

आतून चाचपून पाहिलं होतं मी. अजून माया उरली आहे.